रुई, कापड आणि मधली माणसे : एका खेळाच्या तीन आवृत्त्या आणि वाशीमचा कापूस

वऱ्हाडातल्या कापसाचा इतिहास समजून घेण्यासाठी संगणकावरील एका खेळाच्या तीन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात, असे कोणी सुचवले तर साहित्याच्या अभ्यासकांना ते थिल्लरपणाचे वाटण्याचा संभव आहे. आम्हांलाही प्रारंभी तसेच वाटले होते. परंतु ज्यांना हस्तलिखितांतील पाठभेद ताडून पाहण्याची सवय आहे त्यांना हे काम अगदीच परके वाटू नये. एकच संहिता तीन वेळा लिहिली गेली; प्रत्येक वेळी लेखनिकाने काही गाळले, काही घातले, काही सोपे करून घेतले; आणि जे गाळले गेले त्यावरून त्याची दृष्टी कळली. पाठचिकित्सेचा हा साधा व्यवहार खेळाच्या नियमांना लावून पाहावा, एवढाच आमचा विचार आहे.

खेळाचे नाव ‘व्हिक्टोरिया’. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या संस्थेने तो २००३ साली काढला. दुसरी आवृत्ती २०१० साली आली, तिसरी २०२२ साली. तिन्हींचा आरंभ १८३६ या वर्षी होतो. एका देशाची सूत्रे खेळाडूच्या हाती येतात आणि पुढची सुमारे शंभर वर्षे त्याने तो देश चालवायचा असतो. युद्धे आहेत, तह आहेत, वसाहती आहेत. पण या खेळाची ख्याती युद्धासाठी नाही, हिशेबासाठी आहे. देशाची लोकसंख्या धर्म, संस्कृती आणि धंदा यांनुसार गटांत वाटलेली असते. प्रत्येक गटाला धान्य लागते, कपडे लागतात, ऐपत वाढली की चहा आणि सामानसुमान लागते. कोणती वस्तू कोठे पिकते, कोणाच्या हातून तिचे रूपांतर होते, ती कोणाला आधी मिळते आणि कोणाला उरली तर मिळते, हे सारे नियमांनी ठरलेले असते. कापूस ही अशा वस्तूंपैकी एक. हे शेवटचे वाक्य तिसऱ्या आवृत्तीच्या बाबतीत खरे नाही. त्याकडे पुढे येऊ.

हे नियम ताडून पाहण्यासाठी आम्ही वाशीम जिल्हा निवडला. आजचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून त्याला नवा म्हणण्याची पद्धत आहे. ती बरोबर नाही. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बासीम हे नाव आहे, आणि इंग्रजी अमलातही १९०५ पर्यंत बासीम हा स्वतंत्र जिल्हा होता. त्याहून मागे जावे तर हे वाकाटकांच्या एका शाखेचे वत्सगुल्म. पण आपले काम जिल्ह्याच्या उत्तरेकडील कारंज्याशी अधिक आहे. लाडांचे कारंजे ही कापसाची जुनी पेठ. आणि साहित्याच्या अभ्यासकांना तिची ओळख निराळ्याच कारणाने असते. तेथील जैन भांडारांत जपलेल्या अपभ्रंश पोथ्यांमुळे हिरालाल जैन यांची कारंजा ग्रंथमाला उभी राहिली. पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली तीतून छापले गेले. पेठेतल्या नफ्याचा काही अंश पोथ्यांच्या नकला करवून घेण्यात जातो, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. तिसऱ्या ‘व्हिक्टोरिया’त ललित कला ही वस्तू म्हणून बाजारात येते, तिला दर असतो आणि श्रीमंत गट ती विकत घेतात. हे वाचून प्रथम हसू आले. कारंज्याचा विचार मनात आल्यावर ते ओसरले.

मराठी घरांतून उन्हाळ्याच्या सुटीत खेळला जाणारा ‘व्यापार’ येथे आठवणे साहजिक आहे. त्या पटावर व्यापार नाही. गावे विकत घ्यायची, घरे बांधायची, येणाऱ्याकडून भाडे घ्यायचे. काही पिकत नाही, काही विणले जात नाही, कोणी काही वाहून नेत नाही. त्याचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली पेटंट घेतलेल्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे, आणि त्यांचा हेतू जमीनदारीचे भाडे समाजाला कसे पिळते हे दाखवण्याचा होता. पुढे हेतू गळाला, भाडे राहिले. खेळाच्या आवृत्त्या बदलताना नेमके काय गळते याचे हे उत्तम उदाहरण. असो.

पहिल्या ‘व्हिक्टोरिया’त, म्हणजे २००३ च्या पाठात, व्यापारी एकच होता, तो म्हणजे सरकार. देशात पिकलेला आणि बनलेला माल राष्ट्राच्या कोठाराच्या हिशेबात येई. काय राखायचे, काय जगाच्या बाजारात सोडायचे, कारखान्यांसाठी कोणता कच्चा माल विकत आणायचा, हे खेळाडू ठरवी. कंटाळा आला तर ते काम यंत्रावर सोपवी. कारखानेही त्यानेच काढायचे. भांडवलदारांना स्वतःहून कारखाने काढण्याची मुभा २००६ च्या ‘रेव्होल्यूशन्स’ या पुरवणीत मिळाली. समीक्षकांनी त्या काळी या पद्धतीला बोजड ठरवले आणि एकोणिसाव्या शतकातल्या मुक्त व्यापाराशी तिचा मेळ नाही असे म्हटले. मेळ नाही हे खरेच. पण ही व्यवस्था निव्वळ कल्पित आहे असे विदर्भातील वाचकाला म्हणता येणार नाही, कारण तो तिच्यात राहून आलेला आहे.

१९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ पासून ती अमलात आली. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा. खासगी व्यापाऱ्याला तो घेता येणार नाही. जिनिंग-प्रेसिंग, गाठी आणि विक्री सरकारी यंत्रणेमार्फत. हमीभाव आधीच ठरलेला. तीस वर्षे महाराष्ट्रातील कपाशी अशी एका कोठाराच्या हिशेबात जमा होत राहिली, आणि खेळाच्या पहिल्या आवृत्तीला जे दोष दिले जातात ते या कोठारालाही तंतोतंत लागू पडले. जगाचा भाव हमीपेक्षा खाली गेला की सारा माल दारात येई आणि तोटा सरकारच्या डोक्यावर. भाव वर गेला की रात्रीच्या ट्रकांतून कापूस शेजारच्या राज्यांत जाई. मात्र एक फरक आहे आणि तो लहान नाही. खेळात कोठारात माल आला त्याच दिवशी हिशेब पुरा होतो. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग असते, ग्रेडर प्रत ठरवतो, आणि चुकारे हप्त्याहप्त्याने मिळतात. या मधल्या महिन्यांत कास्तकार काय खातो, हा प्रश्न विचारायला खेळात जागाच नाही, कारण तेथे वेळ हे केवळ तारखांचे पुढे सरकणे आहे. २००२ च्या सुमारास हा एकाधिकार सैल होऊन खासगी खरेदीला वाट मिळाली. दर्जा, वजन आणि चुकारा यांवरून जे वाद सरकारी केंद्रावर होत तेच पुढे खासगी जिनांच्या फाटकापाशी होऊ लागले.

दुसरी आवृत्ती (२०१०) आमच्या मते तिघींत सर्वांत मोलाची, आणि तिचे कारण एका नव्या गटात आहे. पहिल्या पाठात शेतकरी होते, मजूर होते, कारखान्यातले कामगार होते. स्वतःच्या घरी, स्वतःच्या हत्याराने वस्तू घडवणारा माणूस नव्हता. दुसऱ्या पाठात तो आला. हा कारागीर बाजारातून कच्चा माल घेतो, तयार वस्तू विकतो, आणि त्यातून जे सुटेल त्यावर जगतो. कापसाची साखळी येथे तीन कड्यांची आहे: कापूस आणि रंग यांतून कापड, कापडातून साधे कपडे, साध्या कपड्यांना रेशमाची जोड मिळून उंची कपडे. प्रत्येक कडीवर कारागीर आणि कारखाना समोरासमोर उभे असतात. कारखान्याचा माल स्वस्त पडू लागला की कारागिराची मिळकत आटते. गरजा भागेनाशा झाल्या की तो कारागीर राहत नाही, शेतकरी किंवा मजूर होतो. लोकसंख्येच्या तक्त्यात एक रंग हळूहळू आकसतो आणि दुसरा पसरतो. आवाज होत नाही, सूचना येत नाही. दहा-वीस वर्षांनी पाहावे तर विणकरांचा रकाना रिकामा झालेला असतो.

हा नियम वाचताना आम्हांला १८६९ च्या सुमारचा एक सरकारी अहवाल आठवला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते. मुलखात रेल्वेचा फाटा गेला तर विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकता येईल. मग आज येथेच सूत कातण्यात जाणारा कापूस बाहेर पाठवता येईल. शिवाय कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतीसाठी मोकळी होतील आणि पडीक रान लागवडीखाली येईल, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. दुसऱ्या ‘व्हिक्टोरिया’चा नियम सांगायचा झाला तर याहून नेटका सांगता येणार नाही. आगगाडी आली, दर उतरला, कारागीर शेतकरी झाला, कच्च्या मालाचे उत्पादन वाढले. पण येथेच खेळ आणि इतिहास यांच्यात दरी पडते. खेळात जे आपोआप घडते ते येथे कोणीतरी आधी कागदावर इच्छिले होते. नियमाला कर्ता नसतो. अहवालाला असतो, त्याला हुद्दा असतो आणि त्याच्या अहवालावर पुढे फाटे टाकले जातात. खामगावचा फाटा १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, बडनेरा-अमरावतीचा त्यामागोमाग. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो यानंतरच्या दशकात. विलायती मालामुळे बुडालेले कारागीर शेतीवर येऊन पडतात, ही त्यातली तक्रार या साखळीचेच दुसऱ्या बाजूने केलेले वर्णन आहे. आयुक्तांना जे मोकळे मनुष्यबळ दिसले ते फुल्यांना उपाशी कुटुंब दिसले.

अर्थात येथे सावध राहायला हवे. हातमागाचा पूर्ण नाश झाला असे म्हणणे आजच्या अभ्यासकांना मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. तीर्थंकर रॉय यांच्यासारख्यांनी दाखवल्याप्रमाणे माग पुष्कळ ठिकाणी टिकले. विणकराने गिरणीचे सूत घेतले आणि आपले विणणे चालू ठेवले. संपले ते कातणे. चरख्यावरचे सूत गिरणीच्या सुतापुढे उभे राहू शकले नाही, आणि कातणे हे बहुतांशी बायकांचे काम होते. आता खेळाकडे पाहा. तिन्ही पाठांत सूत ही वस्तूच नाही. कापसातून एकदम कापड होते; कातणे आणि विणणे एका कडीत विरघळून गेले आहे. त्यामुळे ज्या एका फटीतून हा इतिहास खरोखर फाटला, ती फट दिसतच नाही. त्यात भर म्हणजे पहिल्या दोन आवृत्त्यांत लोकसंख्येच्या गटाचा आकडा हा कर्त्या पुरुषांचा असतो. बायका-मुले चारपटीच्या अंदाजात धरलेली. म्हणजे कातणारी बाई दोनदा गळते, एकदा वस्तूंच्या यादीतून आणि एकदा माणसांच्या यादीतून. तिसऱ्या आवृत्तीने अवलंबित आणि काम करणारे असा भेद आणून दुसरी चूक दुरुस्त केली; पहिली कायम ठेवली. वऱ्हाडात कोष्टी आणि साळी यांच्या बरोबरीने महारांच्या घरीही जाडेभरडे विणले जाई. त्यांचे काय झाले हे ‘कारागीर’ या एका शब्दाने सांगता येत नाही, कारण शेतीकडे ढकलले गेल्यावर ज्याला शेत मिळण्याची वाटच नव्हती तो शेतकरी न होता शेतमजूरच झाला. खेळ या दोन वाटांमध्ये जातीचा विचार करीत नाही.

दुसऱ्या पाठातील आणखी एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रत्येक प्रांताला एक कच्चा माल नेमून दिलेला असतो. ज्याच्या कपाळी कापूस, तेथे शंभर वर्षे कापूसच. आज वाशीम जिल्ह्यात कपाशीपेक्षा सोयाबीनचा पेरा कितीतरी मोठा आहे, आणि हा पालट गेल्या काही दशकांतलाच आहे. त्या नियमाच्या जगात तो अशक्य ठरला असता. तिसऱ्या पाठात लागवडीयोग्य जमिनीवर काय लावायचे हे बदलता येते, ही सुधारणा मान्य करायला हवी.

भावाविषयी थोडे. पहिल्या दोन आवृत्त्यांत कापसाचा भाव साऱ्या जगात एकच असतो आणि तो त्या क्षणी सर्वांना कळतो. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेचा कापूस अडला, आणि अमरावतीच्या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वऱ्हाडी कापसाला मागणी आली. खेळात हे दोन दिवसांत घडते. प्रत्यक्षात बातमी बोटीने मुंबईला यायला आठवडे लागत, तेथून अडत्याकडे, अडत्याकडून दलालाकडे. आणि शेतापर्यंत पोचेतो तिच्यातला बराच नफा वाटेत उतरून गेलेला असे. १८६५ साली युद्ध संपले तेव्हा पडत्या भावाची बातमीही अशीच पायरीपायरीने आली. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासह सट्ट्याचा डोलारा कोसळला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे समभाग कवडीमोल झाले. बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली. हे आपण सर्वच वाचतो. पेठेबाहेरच्या कास्तकारासाठी ती पडझड म्हणजे चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज, एवढीच होती. बातमी आधी कोणाला कळते यावर ज्यांचे पोट आहे असा मधला माणूस एकाच भावाच्या जगात संभवत नाही.

तरीही क्रमाचे भान दुसऱ्या पाठाला आहे. जगाच्या बाजारात माल कमी पडला तर कोणी आधी घ्यायचा? प्रतिष्ठेच्या क्रमवारीने. ज्या राष्ट्राची पत मोठी ते आधी उचलते. उरले तर पुढचा. मोठ्या राष्ट्राच्या प्रभावक्षेत्रात जो देश आहे त्याच्या मालावर त्या राष्ट्राचा हक्क जगाच्या आधी लागतो. इतक्या उघडपणे हा नियम अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात छापला जात नाही. दादाभाई नौरोजींचा १९०१ चा ग्रंथ आणि हे दोन नियम वर्गात एकत्र वाचायला घ्यावेत, असे आम्हांला मनापासून वाटते.

आता तिसरी आवृत्ती. २०२२ चा हा पाठ सर्वांत देखणा आहे. सरकारी कोठार गेले, साठा ही कल्पनाच गेली. प्रत्येक बाजारात घेणारे किती आणि देणारे किती यावरून भाव ठरतो. मूळ दराच्या पाऊणपट वर किंवा पाऊणपट खाली, याच्या बाहेर तो जात नाही. प्रांताच्या रस्त्या-रेल्वेची ऐपत कमी पडली तर त्याचा बाजाराशी संबंध तोकडा पडतो आणि स्थानिक भाव निराळा होतो. म्हणजे पहिल्या दोघींनी पुसलेले अंतर येथे परत आले. १८६० च्या दशकातील वऱ्हाड समजून घ्यायला हे चांगलेच उपयोगी. पण वस्तूंची यादी उघडून पाहिली आणि आम्ही थबकलो. त्या यादीत कापूस नाही. कापसाचे मळे आहेत. त्यांतून निघणाऱ्या वस्तूचे नाव कापड. मेंढ्या-गुरे पाळणाऱ्या कुरणांतूनही तेच निघते. कापडगिरणी हे कापड घेते आणि कपडे शिवते. तिची सर्वांत जुनी उत्पादनपद्धती हाताने शिवण्याची आहे.

हा बदल का केला गेला असेल हे समजणे कठीण नाही. वस्तू कमी केल्या की खेळ सुटसुटीत होतो. लोकर आणि कापूस एकाच नावाखाली आणले की जगभरचा हिशेब सोपा होतो. पण कारंज्याच्या पेठेत उभे राहून पाहावे. शेतातून येतो तो कापूस. रेच्यातून, पुढे जिनातून सरकी निघाली की उरते ती रुई. प्रेसमध्ये दाबली की गाठ. गाठीचे सूत, सुताचे कापड. मुंबईत खंडीच्या मापाने, म्हणजे ७८४ पौंडांच्या हिशेबाने, सौदा होई तो रुईचा. विदर्भाची सारी औद्योगिक कहाणी कापूस आणि गाठ यांच्या मधल्या त्या एका पायरीवर थांबलेली आहे. जिने-प्रेस गावोगाव आली, कापडाच्या गिरण्या थोड्याच; जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली ती अपवाद म्हणूनच मोठी. कच्चा माल येथून जावा आणि पक्का माल परत यावा, या फरकावर स्वदेशीचा विचार उभा राहिला. जेथे शेतातच कापड पिकते, तेथे कच्चे आणि पक्के हा भेदच उरत नाही. तिसऱ्या आवृत्तीत विदर्भावर अन्याय होऊ शकत नाही, कारण अन्याय ज्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत झाला ते दोन शब्द एक केले गेले आहेत. याच्या तुलनेत १९९४ सालचा ‘कोलोनायझेशन’ हा जुना खेळ पाहावा. त्यात कापूस वेगळा, कापड वेगळे, आणि मध्ये घरात बसलेला एक विणकर स्पष्ट दिसतो. त्या खेळात गुलामगिरी मात्र नाही. अमेरिकेच्या कापसाच्या कथेतून गुलाम काढून टाकण्याइतकी मोठी गाळणी तिसऱ्या ‘व्हिक्टोरिया’ने केलेली नाही, हे नमूद करणे न्याय्य होईल, गुलामी हा तिच्या कायद्यांतला एक कायदा आहे.

वाहून नेणाऱ्यांचे काय? १८२० च्या दशकात पेस्तनजी विकाजी यांच्या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर घाटापलीकडे मुंबईला धाडायला सुरुवात केली. घाटात गाडीरस्ते नव्हते तेव्हा दख्खनचा सारा घाऊक माल बैलांच्या पाठीवरून हिंडे, आणि त्या वाहतुकीतले मातब्बर नाव बंजाऱ्यांचे. मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादलेले हजारो बैल घेऊन त्यांचे तांडे मुलूख पालथा घालीत. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान याच जिल्ह्यात आहे. तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. गाडीरस्ते आणि रेल्वे यांनी तांड्याचा धंदा मोडला. जे कालपर्यंत व्यापाराच्या शिरा होते त्यांतील अनेकांवर १८७१ च्या कायद्यापासून गुन्हेगार जमातीचा शिक्का बसत गेला. तिन्ही आवृत्त्यांत रेल्वे बांधली की आकडा वाढतो. कोणाचाही आकडा कमी होत नाही. दुसऱ्या पाठाने विणकराला गट दिला आणि त्याच्या ऱ्हासाला रकाना दिला. लमाणाला कोणीच दिला नाही, म्हणून त्याचा ऱ्हासही कोठे नोंदला जात नाही.

रेल्वेची गोष्ट निघालीच आहे तर मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ या अरुंद मार्गाला वगळून चालणार नाही. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीने कापसासाठी तो टाकला. देशातील रेल्वे राष्ट्राची झाली तरी त्याची मालकी खासगीच राहिली. लोक गाडीला शकुंतला म्हणू लागले. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. खेळाच्या भाषेत ही कारंज्याची बाजाराशी जोडणी. पण त्याच विसाव्या शतकाच्या आरंभी वाशीम गावाला रेल्वे नव्हती. तिकडचा कापूस बैलगाडीने अकोल्याकडे जाई. एका प्रांताची जोडणी एका आकड्याने मोजणाऱ्या नियमाला कारंजे आणि वाशीम यांतला हा फरक पकडता येत नाही, जरी शेतकऱ्याच्या हिशेबात तो गाडीभाड्याच्या रूपाने रोखीत मोजला जाई.

सर्वांत मोठी गाळणी मात्र कर्जाची आहे. तिन्ही आवृत्त्यांत राष्ट्र कर्ज काढते, त्याला व्याज असते, दिवाळे निघू शकते. कास्तकाराला कर्ज नाही. त्याच्याजवळ पैसा असतो किंवा नसतो; उणे कधी होत नाही. १८६० च्या दशकात वऱ्हाडात रयतवारी बंदोबस्त झाला, जमीन गहाण टाकण्याजोगी झाली, आणि सावकाराच्या वहीतून कापूस पेरणीआधीच विकला जाऊ लागला. पीक कोणते घ्यायचे हे भाव ठरवतो असे खेळ सांगतो. पुष्कळदा ते देणे ठरवी, कारण सावकाराला रोकड देणारे पीक हवे असे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले त्यांत वाशीम होता. आत्महत्यांचा तो काळ भावाच्या आलेखावरून समजत नाही. वहीशिवाय तो समजणारच नाही, आणि वही ही वस्तू कोणत्याच पाठात नाही.

दुष्काळाबाबत तिसरी आवृत्ती पुढे गेली आहे. २०२४ साली ‘पिव्हट ऑफ एम्पायर’ ही हिंदुस्थानावरची पुरवणी निघाली. त्याच सुमारास खेळात अवर्षण आणि अन्नसुरक्षा यांचे नियम आले. पूर्वी पीक कधी बुडतच नसे. आता बुडते, धान्य महागते, गरीब गट मरू लागतात. लक्ष्मण सत्य यांच्या १९९७ च्या ‘कॉटन अँड फॅमिन इन बरार’ या ग्रंथाचा आधार घेऊन माइक डेव्हिस लिहितात की १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात १,४३,००० माणसे भुकेने मेली आणि त्याच काळात प्रांतातून ७,४७,००० बुशेल धान्य बाहेर गेले. हे नव्या नियमांत घडू शकते का, हे आम्ही करून पाहिले. घडू शकते: मोठ्या बाजारात भाव चढा असेल तर उपाशी प्रांतातूनही धान्य जात राहते, कारण बाजार एक आहे आणि विकत घेण्याची ताकद दुसरीकडे आहे. जेथे रेल्वेची ऐपत चांगली तेथे ते अधिक सुरळीत जाते. या एका ठिकाणी खेळाचा नियम गॅझेटियरहून अधिक प्रामाणिक आहे, असे आमचे मत झाले.

२०२५ साली तिसऱ्या आवृत्तीचा व्यापार पुन्हा नव्याने लिहिला गेला. पूर्वी खेळाडू हाताने व्यापाराचे मार्ग आखीत असे. आता व्यापारकेंद्रे जगाच्या बाजाराशी आपणहून देवघेव करतात आणि सरकारने फक्त जकात ठरवायची. जकातीचे तक्ते पाहताना आम्ही मुद्दाम एक जुना नियम शोधला. १८८२ साली हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरची जकात उठली. पुढे तिजोरीला पैसा हवा म्हणून १८९४ पासून ती परत बसवावी लागली. तेव्हा लँकेशायरच्या मालाशी बरोबरी राहावी म्हणून इथल्या गिरण्यांच्या मालावरही कर आला, आणि १८९६ साली तो देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के असा ठरला. आपल्याच गिरणीला आपल्याच सरकारने परक्या गिरणीच्या बरोबरीला खाली ओढणे, असा तो कर. १९२५-२६ पर्यंत चालला. दुसऱ्या आवृत्तीत आयातीवरच्या जकातीची एकच पट्टी आहे. तिसऱ्या आवृत्तीत वस्तूगणिक जकात आहे, उपभोगावर कर आहे. हा कर मात्र कोठेच बसवता येत नाही. तो कोणा खेळाडूला हवासा वाटेल अशी परिस्थितीही नियमांत नाही, कारण पटावर बसलेला खेळाडू कोणत्या ना कोणत्या देशाच्या बाजूचा असतो. आणि ज्या कौन्सिलने १८९६ साली तो बसवला ते आपल्या पटावर, आपल्या नावाने, दुसऱ्याचा डाव खेळत होते.